ओसरीवरचा वाद्यवृंद

१८८० सालच्या ३१ ऑक्टोबर रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. मराठी संगीत रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून ही तिथि अनेकांना पाठ असते. त्याच सुमारास मुंबईंत संगीताचा आणखी एक उपक्रम सुरू झाला; त्याची तिथि मात्र कोणास पाठ नाहीं. कुलाबा किनाऱ्यावरील गांवें सोडून पोटापाण्यासाठीं मुंबईंत येऊन राहिलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, समाजांतील कांहीं उत्साही गृहस्थांनीं हिंदूंचें हरिकीर्तन ऐकलें, त्याची गोडी ओळखली, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा त्याच थाटांत मराठींतून गाण्यास प्रारंभ केला.

नाटकगृहांतील प्रेक्षक तिकीट काढून आंत येई आणि रंगमंचाच्या कडेस मांडलेल्या दिव्यांच्या अलीकडे बसे. नट त्या दिव्यांच्या पलीकडे उभा राही. कीर्तनांत ही दिव्यांची रांग नव्हती. गंमत अशी कीं, नाटक आणि कीर्तन यांचें घराणें फारसें निराळें नव्हतें. किर्लोस्करांच्या नाटकांतील ज्या साक्या आणि दिंड्या रसिकांनीं डोक्यावर घेतल्या, त्यांचीं वृत्तें कीर्तनकारांच्या तोंडीं पूर्वीपासूनच खेळत होतीं. तेंच संगीत एकीकडे उंच मंचावर चढलें आणि दुसरीकडे ओसरीवर, सतरंजीवर, श्रोत्यांच्या गुडघ्याशीं बसलें. मंचावर चढलेल्या संगीताचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. ओसरीवरच्या संगीताचा, आणि त्यांतही एका लहानशा समाजानें त्यास दिलेल्या आश्रयाचा, वृत्तांत येथें सांगावयाचा आहे.

त्यासाठीं प्रथम हा किनारा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. जुना कुलाबा जिल्हा १ जानेवारी १९८१ पासून रायगड या नांवानें ओळखला जातो. त्यांतील अलिबागच्या आसपासची, उत्तरेस रेवसच्या खाडीपासून दक्षिणेस रेवदंड्याच्या खाडीपर्यंत पसरलेली समुद्रकांठची पट्टी म्हणजे अष्टागर. नारळीपोफळीच्या आठ आगरांवरून हें नांव पडलें. वाडीला लागून वाडी, मध्यें लाल मातीची चिंचोळी वाट, आणि सायंकाळीं दिवेलागण झाली म्हणजे कोठल्या तरी घरांतून किंवा देवळांतून येणारा टाळांचा नाद, असें या भागाचें रूप पिढ्यान् पिढ्या होतें. येथें गाणें ऐकावयास जाणें म्हणजे कांहीं विशेष बेत नसे. रामनवमी आली, गोकुळाष्टमी आली, वरसोलीच्या विठोबाची कार्तिकी यात्रा आली, कीं कीर्तन व्हावयाचेंच. आळीचें भजनी मंडळ असे. सप्ताह बसला म्हणजे सात दिवस आणि सात रात्री वीणा खालीं ठेवावयाचा नाहीं, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावयाचा, असा नेम असे. ज्याच्या खांद्यावर वीणा तो त्या प्रहरापुरता वादक; पहारा संपला कीं तोच खालीं बसून श्रोता. लग्नसराईंत खालू बाजा गांवांतून निघाला, तर सनई-ढोलाच्या मागें चालणारीं पोरें तोंडानें ताल धरीत चालत. ऐकणारा कोण आणि वाजविणारा कोण, याची रेघ येथें नेहमींच पुसट राहिली.

'ऑर्केस्ट्रा' हा शब्द मराठींत अलीकडचा. त्याचा अर्थही आपल्याकडे बराच पातळ झाला आहे, आणि चित्रपटगीतें गाणारा फिरता ताफा असाच बोध पुष्कळांस होतो. परंतु अनेकांनीं मिळून गाण्यावाजविण्याची कल्पना परकी नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत वादकांच्या समूहास 'कुतप' म्हटलें आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें आपल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथांत गायक-वादकांच्या 'वृंदा'चा विचार केला असून त्यांतील माणसांच्या संख्येवरून त्याचे उत्तम, मध्यम इत्यादि प्रकार पाडले आहेत. शास्त्रकाराच्या या गणनेंत श्रोता अर्थातच धरलेला नाहीं. कीर्तनाच्या वृंदाची मोजदाद करावयाची झाली तर मात्र त्यास वगळून चालत नाहीं, आणि हेंच कीर्तनाचें वैशिष्ट्य आहे.

नारदीय कीर्तनाची मांडणी आतांच्या शहरी घरांतून विस्मृतींत चालली असल्यामुळें ती थोडी तपशिलानें सांगणें आवश्यक आहे. कीर्तनकार उभा असतो. त्याच्या हातांत झांज किंवा चिपळ्या. मागें पेटीवाला आणि तबलजी, कधीं मृदंग. आरंभीं नमनाचीं पदें होतात आणि पूर्वरंग सुरू होतो. त्यांत एखादा अभंग किंवा पद घेऊन त्यावर निरूपण करावयाचें, दृष्टांत द्यावयाचे, मध्येंच एखादी आर्या सोडावयाची. पूर्वरंग संपला म्हणजे सर्वांनीं मिळून नामघोष. त्या वेळीं बुक्का लावतात, कीर्तनकारास हार घालतात, आणि बसून बसून आंखडलेले पाय श्रोते जरा मोकळे करतात. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. येथें कथा रंगते. ओवीनें कथानक भराभर पुढें सरकतें, साकी-दिंडीनें तें जरा रेंगाळतें, कटाव आला कीं घोडदौड सुरू होते, आणि करुण प्रसंगीं एखाद्या पदावर कीर्तनकार असा थबकतो कीं पुढची ओळ श्रोत्यांच्या ओठांवर आधीं येते. शेवटीं आरती आणि प्रसाद.

या सर्व व्यवस्थेंत श्रोत्याला नेमून दिलेलें काम आहे. धृपद उचलावयाचें तें त्यानें. टाळी देऊन ताल राखावयाचा तो त्यानें. नामघोष तर त्याच्यावांचून होतच नाहीं. एकट्या कीर्तनकाराचा नामघोष ही कल्पनाच हास्यास्पद आहे. पुढच्या रांगेंतल्या वृद्धास कथा ठाऊक असते, आणि म्हणूनच तो ऐकावयास येतो. ठाऊक असलेली कथा आज हा बुवा कशी सांगतो, कोठें वळण घेतो, हें त्याला पाहावयाचें असतें. बुवा चुकला तर तोंडावर सांगणारेही असतात. अशा सभेंत गाणाऱ्यास स्वतःभोंवतीं गूढतेचें वलय राखतां येत नाहीं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं लाहोरास १९०१ सालीं गांधर्व महाविद्यालय काढून राजवाड्यांत आणि कोठीवर अडकलेलें गाणें मध्यमवर्गाच्या घरांत आणलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु ते कीर्तनकाराचे चिरंजीव होते ही गोष्ट त्या मानानें थोड्यांना ठाऊक असते. चारचौघांपुढें गाणें हलकें होत नाहीं, हा धडा त्यांना घरींच मिळाला असावा.

बेने इस्रायल समाज या किनाऱ्यावर केव्हां आला याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. समाजाची स्वतःची परंपरा सांगते कीं, फार पूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या समुद्रांत फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बुडालेल्यांना नवगांवच्या भूमींत मूठमाती मिळाली. ग्रंथ बुडाले, प्रार्थनेच्या पोथ्या बुडाल्या. उरल्या त्या शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांति, सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. ही परंपरा हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ सालीं पूर्ण केलेल्या आपल्या इंग्रजी इतिहासांत विस्तारानें नोंदली आहे. तो ग्रंथ १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला. वांचलेलीं माणसें गांवोगांव पसरलीं आणि तेलाचा घाणा चालवूं लागलीं. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' हें नांव दिलें. आडनांवें गांवांवरून पडलीं: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, रोह्याजवळच्या अष्टमीचे अष्टमकर, नवगांवचे नवगांवकर. घरांत आणि बाजारांत भाषा मराठी, आणि बायकांचें नेसणें नऊवारी.

अठराव्या शतकांत या लोकांनीं कंपनी सरकारच्या पलटणींत चाकरी धरली आणि मुंबईस वस्ती वाढली. तेथें समाजी हसाजी दिवेकर या पलटणींतल्या कामगारानें १७९६ सालीं पहिलें प्रार्थनालय उभारलें. त्याच्यावरूनच मशीद बंदर हें नांव पडलें असें म्हणतात. अलिबागेसही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इस्रायल आळींत प्रार्थनालय झालें. पुढें कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं समाजास हिब्रू प्रार्थना आणि विधि शिकविले. स्कॉटिश पाद्री डॉ. जॉन विल्सन यांनीं तर १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींतून छापलें. पाद्र्यांचा हेतु धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनीं व्याकरण तेवढें घेतलें आणि धर्म आपलाच ठेवला, ही त्या काळची एक मौजेची गोष्ट आहे.

तथापि एक अडचण राहिलीच. पूर्वीं ग्रंथच नव्हते. आतां ग्रंथ आले, पण ते हिब्रूंत. प्रार्थना पाठ झाली, अर्थ मात्र थोड्यांना कळे. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह १८४६ सालीं मुंबईंत निघाली. १८७४ सालीं पुण्यास निघालेल्या सचित्र हग्गादांत सणाची तयारी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसून बसलेल्या दाखविल्या आहेत. हीं पुस्तकें वाचतां येणाऱ्यांची सोय झाली. ज्यांना वाचतां येत नव्हतें, म्हणजे घरांतील बहुतेक स्त्रिया, म्हातारीं माणसें, खेड्यांत घाणा चालविणारे भाऊबंद, त्यांची सोय कोणत्या पुस्तकानें व्हावयाची होती? आपल्याच पूर्वजांच्या कथा त्यांस तुटक तुटक ठाऊक होत्या. शेजारच्या देवळांतली रामकथा मात्र त्यांनीं लहानपणापासून ऐकलेली होती.

हा पेंच कीर्तनानें सोडविला. १८८० च्या सुमारास जीं मंडळी या कामीं पुढें आलीं त्यांत बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आख्यानें रचिलीं, मंडळ्या जमविल्या, आणि पुढें या कीर्तनांच्या छापील पुस्तिकाही निघाल्या. अब्राहामाची श्रद्धा, भावांनीं विकलेला योसेफ, फारोपुढें उभा राहिलेला मोशे, दावीद राजा, एलियाहू हन्नाबी, आपल्या लोकांस वांचविणारी एस्तेर राणी, अशीं आख्यानें लावतां आलीं. वृत्तें तींच: ओवी, आर्या, साकी, दिंडी, पद. पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एखाद्या प्रसिद्ध मराठी गाण्याचा उल्लेख, म्हणजे ऐकणाऱ्यास तें पद पहिल्याच फेरीस उचलतां यावें.

योसेफाचें आख्यान मराठी श्रोत्यास किती जवळचें वाटलें असेल याची कल्पना सहज करतां येते. बापाचा लाडका मुलगा, भावांचा मत्सर, विहिरींत टाकणें, परदेशास विकलें जाणें, तेथें मोठेपणास चढणें, आणि दुष्काळांत धान्य मागावयास आलेल्या भावांनीं त्यास न ओळखणें; यांतील एकही प्रसंग असा नाहीं कीं ज्यावर कीर्तनकारास थबकून पद म्हणतां येऊं नये. मिसरचा दरबार त्यांनीं पाहिला नव्हता, पण सावत्र भावांचें भांडण पाहिलेलें होतें. मुंबईच्या चाकरीवर गेलेला मुलगा आणि गांवीं वाट पाहणारा बाप तर किनाऱ्यावरच्या घराघरांत होता.

घेतांना या मंडळींनीं विवेक राखला. मूर्ति नाहीं, म्हणून मूर्तीपुढची आरती नाहीं. नमन निराकार परमेश्वरास. शब्बाथाच्या दिवशीं वाद्य वाजविणें धर्मानें निषिद्ध, तेव्हां पेटी-तबल्याचा कार्यक्रम इतर दिवशीं. प्रार्थनालयांतील उपासना हिब्रूंत आणि वाद्यांवांचून चाले ती तशीच राहिली. कीर्तन हें आवारांत, शाळेच्या दालनांत, घरच्या मांडवांत होई. त्यामुळें उपासनेची शिस्त बिघडली नाहीं आणि कीर्तनालाही आपला मोकळेपणा राखतां आला. पोर रडलें तर आईनें उठून बाहेर जावें, चहा फिरावा, उशिरां आलेल्यास सरकून जागा द्यावी, हें सर्व मांडवांत चालतें. प्रार्थनेंत चालत नाहीं.

समाजास मिळून गाण्याची संवय मुळींच नव्हती असें मात्र नाहीं. नवस फेडतांना किंवा मंगलकार्यांत होणारा 'मलिदा' हा या समाजाचा खास विधि आहे. गोड पोहे, नारळ आणि फळें यांचें ताट मध्यें ठेवून सर्वजण एलियाहू हन्नाबीचें हिब्रू गीत एकत्र गातात. अलिबागजवळच्या खंडाळें गांवीं एलियाहू हन्नाबी रथासह प्रकट झाल्याची श्रद्धा असून तेथील खडकावर त्याची खूण दाखवितात; नवस बोललेलीं माणसें आजही तेथें जातात. म्हणजे वर्तुळांत बसून एका सुरांत गाणारा समाज आधींच तयार होता. त्याला कळणाऱ्या भाषेंत कथा आणि कथेला ताल, एवढेंच कीर्तनानें पुरविलें.

याच काळांत युरोपांत गोष्टी उलट दिशेनें चालल्या होत्या, त्यांजकडे एक दृष्टि टाकणें उपयुक्त होईल. तेथील वाद्यवृंद मोठा होत गेला, तसतसा तो श्रोत्यांपासून दूर सरला. १८७६ सालीं जर्मनींत बायरॉइट येथें वाग्नर यानें आपलें नाट्यगृह उघडलें, तेव्हां वादकांना मंचाखालच्या खोल खळग्यांत असें बसविलें कीं ते कोणाला दिसूंच नयेत. आणि प्रेक्षागृहांत अंधार. श्रोत्यानें निश्चल बसावें, खोकूं नये, ठराविक जागीं टाळी वाजवावी, असा शिष्टाचार हळूहळू रूढ झाला. संगीताला यामुळें एकाग्रता लाभली हें नाकारतां येणार नाहीं. परंतु सामान्य माणूस त्या दालनाच्या पायरीवरच बिचकूं लागला. मग त्यावर उपाय शोधणें आलें. १८९५ सालच्या १० ऑगस्टला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्यें रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकानें हेन्री वूड या तरुण संचालकाच्या हातीं वाद्यवृंद देऊन 'प्रॉमनेड' मैफली सुरू केल्या. खुर्च्या काढून मोकळी जागा ठेवली. उभें राहून ऐकणाऱ्यास एक शिलिंग दर. खाण्यापिण्यास आणि धूम्रपानासही मुभा. १९४१ सालीं बॉम्बनें क्वीन्स हॉल उद्ध्वस्त झाला तेव्हां त्या मैफली अल्बर्ट हॉलमध्यें गेल्या, आणि तेथें अद्याप शेंकडों श्रोते मंचाला लागून उभे राहतात. न्यूमनचा उद्योग स्तुत्यच होता. तरी पण लंडनकरांनीं मोठ्या प्रयासानें मिळविलेली ही सलगी अष्टागरांतल्या ओसरीवर कोणी व्यवस्थापक नसतांना नांदत होती, हें विसरूं नये. दोहोंत एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. क्वीन्स हॉलमधील श्रोता वादकांच्या जवळ आला, पण वाजवूं लागला नाहीं.

नभोवाणीनें तर गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्यें नुसती दिव्यांची रांग नव्हे, भिंतच घातली. १९२७ सालीं मुंबई केंद्र सुरू झाल्यापासून गवयी बंद खोलींत एका यंत्रापुढें गाऊं लागला आणि श्रोता आपल्या घरीं आरामखुर्चींत. लाभ मोठा झाला. ज्यांनीं जन्मांत गवयी पाहिला नव्हता त्यांना तो ऐकावयास मिळाला. पण दाद देण्याची सोय राहिली नाहीं. शिवाय कीर्तनाचा जुना सोबती जी हातपेटी, तिला नभोवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत मज्जाव केला होता. पेटीचे ठरीव सूर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत, हें त्याचें कारण. शास्त्राच्या दृष्टीनें आक्षेप निराधार नव्हता. मात्र ज्या ओसरीवर दहा बेसूर गळ्यांना एका सुरावर आणावयाचें असतें, तेथें त्या ठरीव सुरांनींच किती माणसांना गातें केलें आहे, याचा विचार आक्षेपकांनीं केलेला दिसत नाहीं.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें. त्या वेळीं हिंदुस्थानांतील बेने इस्रायलांची संख्या अदमासें वीस हजार होती. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतील बहुसंख्य लोक निघून गेले. कोणी धर्मश्रद्धेनें गेले, कोणी चरितार्थासाठीं, कोणी केवळ भाऊ गेला म्हणून. छळाला कंटाळून मात्र कोणी गेलें नाहीं. शेजाऱ्यांशीं वैर नसतां झालेलें असें स्थलांतर यहुद्यांच्या इतिहासांत विरळा. तिकडे गेल्यावर त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढण्यांत आली, विवाहाच्या बाबतींत अडथळे आले, आणि बऱ्याच झगड्यानंतर १९६४ सालीं त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. ज्यांचा घाणा शनिवारीं शतकानुशतकें बंद राहिला होता, त्यांना हा पुरावा मागितला गेला, हें वाचून कोणाही मराठी माणसाच्या मनास चटका बसावा.

इकडे किनाऱ्यावर काय घडलें? प्रार्थनालयें उभीं राहिलीं. अलिबागचें, रेवदंड्याचें, पेणचें. अलिबागच्या आळीचें नांव अजून इस्रायल आळीच आहे. परंतु कीर्तनें थांबत गेलीं. तीं कोणी बंद केलीं नाहींत. कीर्तनकार एखादा उरलाही असेल. पेटी तर कोणत्याही घरीं मिळाली असती. उणें पडलें तें समोरच्या माणसांचें. गवई एकटा गाऊं शकतो, वाद्यवृंद रिकाम्या दालनांत वाजूं शकतो. तालमींत तो वाजतोच. पण धृपद उचलावयास कोणी नाहीं असें कीर्तन उभें राहत नाहीं. आळींतलीं घरें एकामागून एक बंद झालीं, आणि प्रत्येक घराबरोबर त्या वृंदांतले चार-पांच आवाज गेले. छापील पुस्तिका मागें राहिल्या, पण त्यांत शब्द आहेत. नामघोष कोठें किती वेळ चालला, कोणत्या पदावर बायका डोळे पुशीत, हें कोणी छापलेलें नाहीं. पदाच्या माथ्यावरच्या 'चाली'चीही तीच गत. ज्या गाण्याची चाल म्हणून सांगितली आहे तें गाणें एके काळीं रस्त्यावरचें पोर गुणगुणत असे, म्हणूनच स्वरलिपि देण्याची गरज भासली नाहीं; आतां तें गाणेंच विसरलें गेलें, तर वरची सूचना निरुपयोगी.

तिकडे बेरशेबा, दिमोना, लोद, रामले, अश्दोद या गांवांतून मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या वस्त्या झाल्या. तेथें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही निघालें. नव्या पिढीची भाषा हिब्रू झाली, म्हणजे एका परीनें जुनें कोडें उलटें झालें: शंभर वर्षांपूर्वीं हिब्रू कळत नव्हती म्हणून कीर्तन मराठींत आलें, आतां कथा शाळेंत हिब्रूंतून शिकतात आणि कळत नाहीं ती मराठी. अशा स्थितींत कीर्तन संपावयास हवें होतें. तें संपलें नाहीं, याचें श्रेय स्त्रियांना आहे.

मूळच्या काळीं उभें राहून कीर्तन करणारे पुरुष असत. स्त्रिया समोर बसून धृपद धरीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुरुष कीर्तनकारांची परंपरा खंडित होत गेली, तेव्हां असें दिसून आलें कीं, ऐकून ऐकून कीर्तनें बायकांनाच पाठ झालीं होतीं. मुंबई-ठाण्यांत आणि इस्रायलमध्यें त्यांनीं आपापलीं मंडळें जमविलीं, जुन्या पुस्तिका शोधून काढल्या, आणि ज्या पदांच्या चाली हरवल्या होत्या त्यांना कोणी आईच्या आठवणींतली, कोणी दुसऱ्या एखाद्या मराठी गाण्याची चाल लावली. विद्यापीठांतले संशोधक या गाण्याचें ध्वनिमुद्रण करण्यास गेले, तेव्हां त्यांना तें या स्त्रियांकडेच मिळालें. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुदी समाजास अल्पसंख्य म्हणून मान्यता दिली, त्या वेळीं या राज्यांत उरलेल्या कांहीं हजार माणसांत ही गाणीं जाणणाऱ्या अशा वृद्धा होत्या.

या मंडळांचें गाणें शास्त्रोक्त नारदीय कीर्तन नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो बरोबरच आहे. पूर्वरंग-उत्तररंगाचा पसारा आटला आहे, निरूपण थोडें, आणि वाद्यें हाताशीं असतील तीं. सतरंजीवर किंवा खुर्च्यांवर गोलाकार बसून, पुस्तिका मांडीवर उघडून, त्या योसेफाची कथा पहिल्या साकीपासून शेवटच्या पदापर्यंत सर्वजणी मिळून गातात. कीर्तनकारानें उभें राहावयाची जागा रिकामी असते. धृपद पूर्वीं ज्यांच्याकडे होतें, त्यांच्याकडेच आतां सबंध आख्यान आलें आहे.